पिवळ्या छत्रीमागे

पिंगळी, जि. परभणी
७ सप्टेंबर २०२४

चि. मल्हार यास,
अ. आ. वि. वि.

इकडे खंडोबाच्या कृपेने सर्व खुशाल आहे. तुझी खुशाली दीपिकाच्या फोनमध्ये दिसते, पण ती बघून माझं समाधान होत नाही, कारण फोटोत तू सदा हसत असतोस. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. जेवलास का, एवढं विचारतो आणि फोन तुझ्या आईच्या हातात देतो. म्हणून हा कागद. दीपिका रविवारी कॉलेजातून घरी आली की याचा फोटो काढून तुला धाडील. तूही असंच लिही. तुझं पत्र ती परभणीला छापून आणते, मी ते बंडीच्या खिशात ठेवतो आणि रानात निवांत वाचतो.

आता मुद्द्याचं. माझा उजवा गुडघा मेंढरांच्या मागं चालायला तयार नाही. सोनपेठचे व्यंकटराव येऊन गेले. त्यांना अख्खा कळप पाहिजे. दसऱ्यापर्यंत जबान द्या म्हणाले. मी सांगितलं, पोराला विचारतो. तर तू सांग, मेंढरं ठेवू का विकू? तुझं शिक्षण संपलं. तू परत येणार असशील तर मी अजून काही दिवस ओढीन. येणार नसशील तर तेही लिही, मी रागावणार नाही. माझ्या मनात काय आहे ते मात्र विचारू नकोस. सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरंच.

दीपिका सांगत होती की तू दोस्तांबरोबर प्राग नावाच्या गावाला जाणार आहेस. तिथं काम काय काढलंस? कुणाचं लग्न आहे का? तुझी आई तर विचारायली की त्या गावात आपलं कोन हाय म्हणून.

जवाब लवकर दे. आमच्यावरचा लोभ तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा आबा,
मुंजाजी


प्राग
२१ सप्टेंबर २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. उत्तर लिहायला बसलो आणि नुसताच बसून राहिलो. शेवटी धम्मपाल म्हणाला की असा खोलीत कुढू नको, ठरलंय तसं चल, फिरून डोकं मोकळं होईल. आपल्या गल्लीतला धम्मपाल जर्मनीत येऊन तुमच्यासारखाच हुकूम सोडायला शिकलाय. तिसरा हरिओम, सेलूच्या कापूसवाल्यांचा. त्याला आमची काटकसर सोसत नाही, पण मागं राहवतही नाही.

ड्रेस्डेनहून स्वस्तातली बस धरून आलो. आबा, इथे कुणाचं लग्न नाही, काम नाही, ओळखीचं कुणी नाही. इथली माणसं काम नसताना गावं बघायला जातात, आणि आता आम्हीही त्यातलेच. दुपारी नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर बसून आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खाल्ली. चौकात शेकडो वर्षांचं एक घड्याळ आहे. दर तासाला त्यातला सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, खिडकीतून साधूसंतांच्या मूर्ती फिरतात आणि शेवटी कोंबडा आरवतो. ते बघायला ही गर्दी लोटते.

राहायला एक हॉस्टेल घेतलंय. एका खोलीत आठ परकी माणसं, एकावर एक पलंग. मी वरच्या पलंगावर पोटावर पडून हे लिहितोय. खाली हरिओम कुरकुरतोय की पैसे देऊन हे असं झोपायचं असेल तर सेलूचं स्टेशन काय वाईट होतं.

मेंढरांचं उद्या शांतपणे विचार करून लिहितो. आज डोक्यात नुसता गोंधळ आहे. आईला सांगा मी जेवलो. माझ्यावर रुसू नका, एवढं मागणं.

तुमचा,
मल्हार


पिंगळी
२८ सप्टेंबर २०२४

चि. मल्हार यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी होतो त्यापेक्षा जास्त गोंधळलो. आपण कुणाच्या रानात रात्रभर मेंढरं बसवली, तर खत मिळालं म्हणून तो शेतकरी आपल्यालाच ज्वारी देतो. तू परक्याच्या खोलीत झोपलास आणि वर पैसेही तूच दिलेस. यात शहाणा कोण ते मला समजेना. सांगाडा घंटा वाजवतो हे तुझ्या आईला वाचून दाखवलं, तेव्हापासून ती तुझ्या नावानं देवापुढं दिवा लावायली. इथून पुढं असलं काही बघितलंस तर मला एकट्याला कळव.

घड्याळाबद्दल एवढं लिहिलंस आणि मेंढरांना मात्र उद्यावर टाकलंस. तो उद्या अजून उगवला नाही. तुझी चंद्री आता कळपाच्या पुढं चालते. तू तिला बाटलीनं दूध पाजून जगवलंस तेव्हा ती मांजराएवढी होती, आता गळ्यात घंटा घालून सगळ्यांना ओढून नेते. यंदा तिला कोकरूही झालंय. माझा गुडघा दुखला की ती वाटेत थांबून मागं वळून बघते. व्यंकटरावांचा निरोप परत आला. दसरा तोंडावर आलाय. एकाच शब्दात लिही, पण लिही.

आमची आठवण वरच्या पलंगावर ठेव, खाली पाडू नकोस.

तुझा आबा,
मुंजाजी


ड्रेस्डेन
३ ऑक्टोबर २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रागमध्ये दुसऱ्या दिवशी एक प्रकार घडला. तो लाजेपायी कळवला नव्हता. आता कळवतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच कुठेतरी आहे असं वाटतं.

धम्मपालने फुकटातली एक सफर शोधली होती. एक माणूस छत्री उंच धरून पुढे चालतो, गावाची माहिती सांगतो, लोक त्याच्यामागे चालतात आणि शेवटी खुशीने जे द्यायचं ते देतात. आमची छत्री पिवळी होती. घड्याळाच्या चौकात असे सगळे घोळके थांबले. घंटा वाजली, कोंबडा आरवला, गर्दी फुटली. मी तुमच्या पत्राचाच विचार करत उभा होतो. पिवळी छत्री हलताना दिसली आणि तिच्यामागे चालू लागलो.

ती दुसरी पिवळी छत्री होती. बराच वेळ मला पत्ताच नाही. तो माणूस स्पॅनिशमध्ये बोलत होता, पण मी आमच्या माणसाचंही नीट ऐकत नव्हतो, त्यामुळे फरक जाणवला नाही. एका म्हाताऱ्या बाईने मला बिस्कीट दिलं. मध्येच छत्रीवाल्याने काहीतरी विचारलं, सगळ्यांनी हात वर केले, म्हणून मीही केला. काय विचारलं होतं ते अजून कळलेलं नाही. पूल ओलांडून, चढ चढून एका चर्चच्या मागे सफर संपली. सगळे एकमेकांचा निरोप घेऊन पांगले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की यात माझं कुणीच नाही.

फोन बंद पडला होता. हॉस्टेलचं नाव आठवेना. कसाबसा लोकांच्या मागे चालत पुन्हा त्या चौकात आलो. उन्हं उतरली होती. आबा, मला रडू आलं. आणि मग काय झालं कोण जाणे, तुम्ही संध्याकाळी मेंढरं बोलावताना जीभ टाळूला लावून जो आवाज काढता, तो मी काढला. आधी हळू, मग अगदी पोटातून. कबुतरं उडाली. एक पोलीस थांबून बघायला लागला. धम्मपाल मला शोधत मागच्या बोळात फिरत होता. त्याने तो ऐकला आणि हरिओमला म्हणाला म्हणे, की हे तर मुंजाजीकाकांचं वरडनं हाय. दोघं पळत आले. हरिओमने पळता पळता, हसत हसत माझ्या त्या हाकेचा व्हिडिओ काढला. तो दीपिकाला पाठवलाय.

तर उत्तर असं की मेंढरं ठेवा. इथल्या एका कारखान्यात मी दोन वर्षांच्या नोकरीवर सही केलीय. ती झाली की पुढचं बघू. पण मेंढरं ठेवा. ती विकली, तर मी आलो तरी हाक कुणाला मारायची? हे उत्तर झालं की नाही, तेही मला कळत नाही.

माझ्या गोंधळासकट मला पदरात घ्या.

तुमचा,
मल्हार


परभणी
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तुम्हा बापलेकांच्या टपालखात्यात मला पगार नाही, सुट्टी नाही. तरी या वेळी दोन ओळी माझ्याही. आबांना पत्र दिलं. ते त्यांनी रानातच वाचलं आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. मला वाटलं, जरा हसतील, म्हणून तुझा व्हिडिओ मोठ्या आवाजात लावला.

दादा, आबा हसले नाहीत. चरणारी सगळी मेंढरं एकदम थांबली आणि त्यांनी माना वर केल्या. चंद्री तर कोकराला सोडून पाणंदीकडे पळाली. तिथून स्टेशनचा रस्ता दिसतो ना, तिथे जाऊन उभी राहिली. आबांनी मला फोन बंद करायला सांगितलं. मी केला. तरी ती हलेना. नंतर आबांनी स्वतः हाक दिली, तरी आली नाही. अंधार पडायच्या वेळी आबांनी तिला उचलून आणलं, त्या दुखऱ्या गुडघ्यावर. माझं चुकलं का रे? मला तर वाटलं होतं, गंमत होईल.

भांडण काढायला तरी लवकर ये.

तुझी,
दीपिका


पिंगळी
१३ ऑक्टोबर २०२४

चि. मल्हार यास,
अ. आ. वि. वि.

काल दसरा झाला. आईने तुझ्या वाटणीचं सोनं देवापाशी ठेवलंय, सुकलं तरी काढू देणार नाही म्हणते.

तू परक्या घोळक्यात चालत गेलास त्यात लाज वाटून घेऊ नकोस. आपल्याही मेंढरांची दुसऱ्या कळपाशी गल्लत होते. चुकलेलं मेंढरू दिवसभर त्यांच्यात चरतं, त्यांच्याबरोबर पाणी पितं, त्याला काही वाटत नाही. संध्याकाळी काट्यांच्या वाड्याचं तोंड बांधायची वेळ झाली की मग ते ओरडतं. तू वेळेवर ओरडलास आणि तुझी दोन माणसं पळत आली. परक्या मुलखात दोन माणसं म्हणजे कमी नाहीत. त्यांना धरून राहा.

तू ठेवा असं लिहिलंस, पण कधी येतो ते लिहिलं नाहीस. आधी मला राग आला. मग दीपिकाने ती हाक लावली. चंद्री रस्त्याकडं पळाली हे तिनं तुला कळवलं असेल. तिला दिसलं नाही ते मी कळवतो. त्या हाकेसरशी मीही रस्त्याकडं बघितलं. फोनमधून आलेली हाक आहे हे मला माहीत होतं, तरी बघितलं. चंद्रीला उचलून आणताना मला उमगलं की मेंढरं ठेवू का विकू, हे मी तुला विचारलंच नव्हतं. तू येतोस का, एवढंच विचारत होतो आणि मेंढरांना उगीच मध्ये घालत होतो.

म्हणून परवा व्यंकटरावांना जबान दिली. काल त्यांची माणसं कळप ट्रकमध्ये घालून घेऊन गेली. आपल्यात रीत आहे, मेंढरं विकली की पहिल्या रात्री धन्यानं सोबत जायचं, नाहीतर ती नव्या वाड्यात बसत नाहीत. मी गेलो होतो. बसली सगळी. आज सकाळच्या एसटीनं परत आलो. आता तू नोकरी कर, दोन वर्षं कर, चार कर. आलास तर आमच्यासाठी ये, मेंढरं सांभाळायला म्हणून येऊ नकोस. मला तुझी लय आठवण येते. हे फोनवर म्हणता आलं नसतं.

हाक कुणाला मारायची, असं विचारलं होतंस. चंद्रीला आणि तिच्या कोकराला विकलेलं नाही. दोघं दारात बांधलीत. पण ती हाक फोनमधून पुन्हा धाडू नकोस. मुक्या जनावराला फसवू नये, आणि मलाही. येशील तेव्हा स्टेशनवर उतरून पाणंदीच्या तोंडाशी उभा राहा आणि तिथून दे. त्या दिवशी मी तिचं दावं सोडून ठेवीन.

तुझा आबा,
मुंजाजी