कड पाहून निवडलेल्या पाच कादंबऱ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.

‘हो’ या एका अक्षराची खरी किंमत आज मांडून पाहिली. कादंबऱ्या चार. वाचायचा नवा चष्मा एक. खिडकीपाशी सरकवलेली आरामखुर्ची एक. ती सरकवताना चेचलेला पायाचा अंगठा एक. टीव्हीवरच्या मॅचेस, अंदाजे अकरा. शिवाय हिचं ते हसू, ज्याचा अर्थ पस्तीस वर्षांत मला लागलेला नाही.

झालं असं. काल वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. बावीस तारखेला संध्याकाळी कार्यक्रम आहे, तुम्ही कादंबरीवर दोन शब्द बोललात तर त्यांना फार बरं वाटेल, म्हणाल्या. ‘त्यांना’ म्हणजे अर्थातच कमिटीला. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाची सगळी शेल्फं मी करून दिली. अजून एक फळी वाकलेली नाही. लोक विसरत नाहीत.

आठवी पास माणूस. सोळाव्या वर्षी हातात रंधा धरला, आज वर्कशॉपमध्ये चौदा माणसं आहेत. आणि आता साहित्यावर भाषण!

आजवर वाचलेल्या कादंबऱ्या : अर्धी. डॉक्टरकडे बसलो होतो, नंबर लागला.

संकल्प : प्रत्येक प्रकारातली एक कादंबरी वाचायची. खून, प्रेम, भूत, अंतराळ. एकेकीला चार दिवस. एकवीसला भाषण तोंडपाठ.

४ फेब्रुवारी, बुधवार.

वाचनालयात जाऊन आलो. माझी निवडीची पद्धत इथे नोंदवून ठेवतो, पुढेमागे भाषणात घालता येईल.

प्लायवूड घेताना गिऱ्हाईक बोर्डाचा चेहरा बघतं. चेहरा सगळ्यांचाच गुळगुळीत. धंदेवाला कड बघतो. थर किती, मध्ये पोकळी आहे का, गोंद कसला, सगळं कडेला दिसतं. पुस्तकाचंही तेच. नाव, लेखक, पुढची दोन-चार पानं हा नुसता चेहरा. मी पुस्तक थेट साठाव्या पानावर उघडतो. तिथे माल बरा असेल तर सगळा माल बरा.

ही कडेची नजर देणगीच म्हणायची. आमच्या घरातलं सगळं फर्निचर माझ्या हातचं आहे. एका कडेचं पॉलिश गेलं तरी ते माझ्या नजरेतून सुटत नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

वाचनालयाच्या पुस्तकांना खाकी कव्हरं असतात, वर फक्त नंबर. माझ्या सोयीचं. ब्रँड पाहून मन चळायला नको. बाईंनी चार प्रकारांची चार पुस्तकं काढून दिली. मग स्वतःच्या ड्रॉवरमधून पाचवं, तसंच खाकी कव्हरातलं, काढलं आणि दोन्ही हातांनी दिलं. म्हणाल्या, हे मात्र नक्की वाचा हं. मी विचारलं, प्रकार कुठला? म्हणाल्या, घरातली गोष्ट आहे.

घर मला माहीत आहे. ते गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

खून वाचला. साठाव्या पानावर सगळे रडत होते. मेलं कोण, ते कळलं नाही. पंच्याहत्तरपर्यंत वाचून माझा संशय बागेतल्या माळ्यावर गेला. मग शेवटचं पान पाहिलं, तर खुनी डॉक्टर! हा डॉक्टर साठ ते पंच्याहत्तरमध्ये एकदाही आलेला नाही. लेखकाची चूक. भाषणासाठी मुद्दा : खुन्यानं वेळेवर हजर राहावं.

एक कादंबरी पूर्ण.

चहाच्या वेळी ही म्हणाली, गेल्या आठवड्यात आलं बाई एकदाचं छापून. मी म्हटलं, छान. काय ते विचारणारच होतो तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन. त्याच्या सरकत्या कपाटाचं दार अडकलेलं, सगळ्या पँटी आत, आणि हा टॉवेलवर बोलतोय. त्याला मार्गी लावून आलो तोवर हिनं कप उचलले होते. वीजबिल वगैरे असणार.

८ फेब्रुवारी, रविवार.

प्रेम. नियम मोडून चाळीस पानं वाचली. डोळ्यांतून पाणी आलं. चष्म्याचा नंबर चुकलाय, उद्या दुकानदाराला झाडतो.

मुलीचा फोन आला होता. ती नोकरीच्या गावी असते आणि तिथून आम्हाला हाकते. म्हणाली, बाबा, सगळं बाजूला ठेवा, आधी पाचवं वाचा. मी म्हटलं, कामाला क्रम असतो, पाया भरायच्या आधी कोणी पडदे लावत नाही. ती म्हणाली, बाबा, अहो ते पुस्तक आईनं... मी म्हटलं, आईनं सुचवलं असेल, माहीत आहे, आई मला सकाळी चालायलाही सुचवते. ती ‘अरे देवा’ म्हणाली. मग म्हणाली, जाऊ दे, आईनं मला गप्प बसायला सांगितलंय.

मायलेकींच्या गोष्टीत मी पडत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार.

भूत. एक कपाट आपोआप उघडतं आणि त्यातून आवाज येतो. उघड आहे, बिजागरीचे स्क्रू ढिले आणि तळ लेव्हलला नाही. वेळेवर तेल घातलं असतं तर कादंबरी बारा पानांत आटोपली असती.

संध्याकाळी शर्ट काढायला कपाट उघडताना हिला बोलावून घेतलं. उजेडासाठी. ही म्हणाली, दिवा तर लागलाय. मी म्हटलं, तरीही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

अंतराळ. चारशे पानं. यानाचे दरवाजे हवाबंद आहेत म्हणे, पण फिटिंग कोणी केलं, जाडी किती, एक शब्द नाही. त्यातच डोळा लागला. उठलो तेव्हा चष्मा पाठीखाली. एक दांडी आता बाहेरच्या बाजूला पाहते.

आठ दिवसांत चार प्रकार! मुलीला कळवलं. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार.

पाचवं. साठ ते पंच्याहत्तर.

एका बाईचं ऑपरेशन आहे. तिला स्ट्रेचरवर घालून नेतायत, आणि तिचा नवरा खोलीतल्या कपाटावर बोटाच्या पेरानं टकटक करून नर्सला सांगतोय की बिजागऱ्या हलक्या प्रतीच्या आहेत. बाई मान वळवून पाहते. तिला वाटतं, हा आता आपल्याकडे बघेल. तो वाकून कपाटाचा तळ बघतो.

काय हे! असा माणूस असतो का कुठे? सोळाच्या सोळा पानं हा इसम लोकांच्या घरी जाऊन टेबलं वाजवतो, बायको बोलायला लागली की याचा फोन वाजतो, आणि ती बिचारी वाट बघतेय की एक दिवस हा विचारेल, तू दुपारभर टेबलापाशी बसून करतेस काय? अतिरंजित. लेखिकेला पुरुषांची माहिती कमी दिसते. बिजागऱ्यांबद्दलचं त्याचं म्हणणं मात्र बरोबर आहे.

हिला हे सगळं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. किती वाचलंत, म्हणाली. मी म्हटलं, सोळा पानं, मधली. आणि पहिलं पान? मी म्हटलं, पहिलं पान हा चेहरा असतो. मग कड म्हणजे काय ते तिला नीट समजावून सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. एकाच टॉवेलची तीनदा घडी घातली. दमली असेल.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

पाचवं गाडीत राहिलं होतं. आमच्या मोठ्या मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. वीस वर्षं माझ्याकडे आहेत, वाचनाचा नाद आहे त्यांना. इतके हसले की दुसऱ्याच्या हातातला गोंद वाळला. धावत आले. शेठ, अहो हे तर... मी हात वर केला. शेवट सांगायचा नाही! ते म्हणाले, शेवट नाही शेठ, हे तर पहिल्याच पानावर... मी म्हटलं, सुरुवातही सांगायची नाही. रविवारी बोलायचंय मला, डोकं कोरं हवं.

तरी त्यांना विचारलं, हा नवरा खरा वाटतो का? त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. म्हणाले, अवघड आहे शेठ, असा माणूस मिळणं अवघड आहे.

जाणकार माणूस. दिवसभर माझ्याकडे बघून पाठ फिरवत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

घरी निमंत्रणपत्रिका आलेली. कागद जाड, कापणी सरळ, कडेला सोनेरी रेघ. एकदम पक्कं काम. आत वेळ आणि ठिकाण असणार, ते मला माहीतच आहे. न उघडता जपून ड्रॉवरमध्ये ठेवली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

भाषण तयार. नाव : ‘पाच प्रकार, एक पारख’. हिच्यासमोर रंगीत तालीम केली. पाचव्याच्या भागाशी आलो तेव्हा ही म्हणाली, हे तेवढं नाही बोललात तर? मी म्हटलं, अगं, परखडपणासाठीच तर बोलावलंय मला.

ही जवळ येऊन बसली. मग म्हणाली, अहो, एक मागू? उद्या एक दिवस बसा आणि ते पहिल्या पानापासून वाचा. माझ्यासाठी.

आवाज जरा वेगळा होता. माझे कान तीक्ष्ण आहेत, रंध्याच्या आवाजावरून मी पातं बोथट झालंय का ते सांगतो. हिला सर्दी होते आहे. उद्या नक्की वाचतो म्हणून सांगितलं, आणि काढा घे म्हटलं.

ही म्हणाली, मी पहिल्या रांगेत असेन. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला ऐकायला येतेय!

२१ फेब्रुवारी, शनिवार.

वाचन झालं नाही. सकाळी केस कापले. दुपारी ब्लेझर घालून पाहिला. तो माझ्याशिवायच बंद होतो. बटण पुढे घ्यायला शिंप्याकडे गेलो, तिथे त्याचं कटिंगचं टेबल डगमगत होतं. दीड तास गेला. पुस्तक बगलेतच होतं. म्हणजे सोबत होतंच.

ही विचारायला आली नाही. जेवणाच्या टेबलापाशी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी साडेसात. घरी.

जसं घडलं तसं लिहितो.

हॉल भरलेला. मुलगी न सांगता आलेली. मोठे मिस्त्री सहकुटुंब. स्टेजवर मोठा बॅनर, त्याच्या चौकटीचा सांधा उघडा पडलेला. तो सांधा बघतच मी पायऱ्या चढलो. बॅनरवर काय लिहिलंय ते पाहिलं नाही.

आधी ग्रंथपाल बाईंनी पाचव्यातलं हॉस्पिटलचं प्रकरण वाचून दाखवलं. लोक हसले, काही डोळे पुसू लागले. मग माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो आणि सवयीनं भाषणाचं टेबल पेरानं वाजवून पाहिलं. माइक चालू होता. मी म्हटलं, ‘आत पोकळ आहे.’

हॉल कोसळला. मला वाटलं, सुरुवात जमली!

मग दहा मिनिटं मी बोलत होतो. खुनी, माळी, बिजागरी, यान. आणि शेवटी : या पाचव्या पुस्तकातला नवरा मला पटत नाही, असा माणूस असू शकत नाही. इतका हशा मला आयुष्यात मिळालेला नाही. मिस्त्री खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून बसले होते. मुलीनं तोंडावर ओढणी धरलेली. फक्त पहिल्या रांगेत ही हसत नव्हती.

बाई म्हणाल्या, आता लेखिकेनं दोन शब्द बोलावेत.

उठली ती ही.

मी मागे वळून बॅनर वाचला. हिचं नाव होतं. आडनाव माझं.

ही माइकपाशी आली. म्हणाली, असा माणूस असू शकत नाही, हीच शंका प्रकाशकांनीही काढली होती. म्हणून आज मी यांना सोबत आणलं.

टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार!

गाडीत मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ही म्हणाली, तीनदा सांगितलं. एकदा तर चहाच्या वेळी. मी आठवू लागलो. मला फक्त टॉवेलवरचं गिऱ्हाईक आठवलं. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, बाबा, आता तरी काही बोलू नका. घर येईपर्यंत एकही फोन आला नाही. येता तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.

वर्कशॉपला गेलो नाही. फोन बंद. मुलगी आणि ही बाहेर गेल्यात, बोलावलं नाही, रागावूनही गेल्या नाहीत. मी आरामखुर्ची सोडून जेवणाच्या टेबलापाशी बसलो, हिच्या जागी, खिडकीकडे तोंड करून. पुस्तक पहिल्या पानावर उघडलं.

नाव. आडनाव. पुढच्या पानावर मधोमध एकच ओळ : ‘ज्यांनी हे टेबल केलं, त्यांना.’

चष्मा काढून पुसला. त्याचा नंबर बरोबरच आहे, दुकानदाराला उगाच बोललो.

मग टेबलाकडे पाहिलं. सागवानी, सहा माणसांचं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी केलेलं. हिच्या जागेसमोर, मनगट टेकतं तिथे, कडेचं पॉलिश वीतभर गेलेलं आहे. खालचं लाकूड दिसतं. बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत आहे. एवढी झीज व्हायला आठ-नऊ वर्षं लागतात.