माझ्या मयतीचा बैल आणि मोरेनिकेची फी

मी रिबेका ओमोताडे, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार इजेबू-ओडे, प्रभूला स्मरून हे लिहिते. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. माझा हात धरून कोणी लिहून घेत नाही.

१. राहतं घर मुलगा आकिनलोये आणि मुलगी इबिदुन यांचं निम्मं-निम्मं. भांडी इबिदुनला. मोठं पातेलं जाऊबाईंनी बावीस वर्षांपूर्वी नेलं, ते त्यांनाच माफ. झाकण माझ्याकडे आहे. ते देऊ नये.

२. बँकेतली रक्कम आकिनने माझ्या मयतीसाठी धरली आहे: आमच्या रिवाजाप्रमाणे रस्ताभर मांडव, जेवणावळीला बैल, वाजंत्री, सगळ्या नातलगांना एकाच छापाचं नवं कापड. मी ती इबिदुनच्या मुलीला, मोरेनिकेला, खासगी विद्यापीठाच्या उरलेल्या तीन वर्षांच्या फीसाठी देते.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, सरकारीत जवळजवळ फुकट शिकवतात. एवढ्या पैशात दुकान उभं राहील. पोरीला काय सोन्याच्या पाटीवर लिहायला देणार आहेत?"

प्रश्न खोटा नाही. मीही तो वर्षभर घोळवला. इबिदुन सरकारीतच शिकली. प्राध्यापकांचे संप होत गेले आणि चार वर्षांचा अभ्यास आठ वर्षांनी संपला. पदवी हातात आली तेव्हा ती सत्तावीसची, आणि नोकरीच्या जाहिरातीत अट, वय सव्वीसच्या आत. लेक स्वस्तात शिकतेय म्हणून मी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली होती. ती साक्ष मी मागे घेते.

मग स्वतः त्या खासगी विद्यापीठात गेले. खिडकीवरच्या मुलीला विचारलं, "इथे शिकलं की नोकरी लागते?"

"त्याची हमी नाही, आजी. चार वर्षं म्हणजे चारच, एवढंच सांगते."

पटलं. खरं बोलणाऱ्या दुकानातूनच मी आयुष्यभर माल घेतला.

३. मयत साधी करावी. माझ्या ट्रंकेत दुसऱ्यांच्या मयतींची एकोणचाळीस कापडं आहेत. ज्यांनी ती माझ्याबरोबर घेतली, त्यांनी त्यातलंच नेसून यावं. आकिन म्हणतो, "आई, तुला बैलाशिवाय पुरलं म्हणून लोक माझ्या तोंडावर थुंकतील." म्हणून हे कलम पास्टरांनी सगळ्यांदेखत मोठ्याने वाचावं. थुंकायचं तर माझ्या नावाने थुंका.

४. बैल रद्द नाही, पुढे ढकलला आहे. मागच्या खोलीचं भाडं त्यासाठी साठवत जावं. पदवीदानाला मोरेनिकेचं नाव पुकारतील त्या दिवशी तो कापा. मांडव घाला, ढोल बोलवा, नवं कापड घ्या. रंग तिने निवडावा. नोकरी लागलेली नसली तरी.

मोरेनिके, तू विचारलंस, "आजी, नापास झाले तर?" तर मी थांबेन. फक्त लवकर कर, बैल दरवर्षी महाग होतोय.

सही: रिबेका ओमोताडे

आमच्यासमोर सही केली:
१. डीकन एझेकिएल ओनाफोवोकान
२. श्रीमती कॉम्फर्ट ओडुबेला, चिटणीस, चर्च महिला मंडळ

इजेबू-ओडे, १२ फेब्रुवारी २०२३, रविवार, उपासनेनंतर