ताटातली मिरची

प्रिय मिरची,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. फाड, पण तुकडे जोडून वाच. लग्न तोंडावर आलेलं असताना जुन्या माणसाचं पत्र येतं तेव्हा त्यात काय असतं ते जगाला ठाऊक आहे: रडगाणं, धमकी, नाहीतर कविता. यात तिन्ही नाहीत. कविता मला जमत नाहीत हे तुझ्याइतकं कुणी सोसलेलं नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, तुमच्या दारात मला उभं राहायची बंदी आहे, म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी मुद्दामच पाठवलं नाही. तुझ्या घरातल्या एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि पाकीट नेमकं त्याच माणसाच्या हातात पडलं असतं. थेट मुद्द्यावर आलो तर तू म्हणशील, आला परत आपल्या नाटकावर. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

मी नोकरीला लागलोय. हसू नकोस. प्रयोगशाळेत सरांनी तुझ्या नावानं टोमणा मारला आणि मी ॲप्रन त्यांच्या टेबलावर फेकून कायमचा बाहेर पडलो, तेव्हा तू जिन्यात मला गाठून म्हणाली होतीस, टोमणा मला मारला, तू कशाला पेटलास? त्याच जिन्यात पहिल्या वर्षी तू तुझ्या डब्यातली हिरवी मिरची माझ्या हातावर ठेवली होतीस. तुझ्यासमोर माघार कशी घेणार, अख्खी चावली, आणि पुढचा तास नाक पुसत बसलो. आमच्याकडे आई तर अशा दोन-दोन खाते, तू म्हणालीस. तेव्हापासून तू मिरची. मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून तुझ्या आईनं मला अर्धवट म्हणायला सुरुवात केली. तू पदवी घेऊन फळ्यासमोर उभी राहिलीस आणि मी एका मोठ्या हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून स्क्रीनसमोर बसलो. हॉस्पिटलांचे चार्ट वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला आकडा द्यायचा, हे माझं काम. मेडिकल कोडिंग म्हणतात त्याला. वर्षभर टिकलोय. मला स्वतःलाच पटत नाही.

आमच्याकडे चार्टवर नाव नसतं. वय, बाई की पुरुष, आणि एक नंबर. आजार आपण ओळखायचा नाही, डॉक्टरनं ओळखलेला उचलायचा. ओपीडीच्या कागदावर डॉक्टरनं ‘असावा’, ‘शंका आहे’ असं लिहिलं असेल तर त्या आजाराचा आकडा द्यायचा नाही, नुसतं लक्षण धरायचं. तोंडात जखमा आहेत? मग तोंडातल्या जखमा, बस. नियम वाईट नाही. नाहीतर उद्या नुसत्या शंकेवर कुणाच्याही माथी जन्माचं दुखणं मारलं जाईल. पण माझ्या वाट्याला त्वचेचे आजार आले, आणि त्यात पेम्फिगस नावाचा एक आहे. त्याचा आकडा एल दहा. आपल्या कातडीच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. शरीराची राखण करणारी फौज वाट चुकते आणि त्या चिकटवणाऱ्या धाग्यांवरच उठते. घरचाच राखणदार विटांमधला चुना खरवडत बसावा तसं. भिंत उभी दिसते, हात लावला की सुटते. बहुतेकदा सुरुवात तोंडातून होते, गालाच्या आत, हिरड्यांवर. फोड इतका पातळ की दिसायच्या आत फुटतो, मागे जखम उरते आणि ती भरत नाही. माणूस म्हणतो उष्णता झाली, पोट साफ नाही, दात लागला. असे महिने जातात. मग अंगावर. त्याचा एक लांबचा भाऊ आहे, पेम्फिगॉइड, एल बारा. तो सहसा म्हाताऱ्यांना गाठतो, खाज आणतो, घट्ट टपोरे फोड आणतो, तोंडाच्या वाटेला कमी जातो. नवीन लागलेल्यांची या दोघांत गल्लत होते. माझी आता होत नाही.

का ते ऐक. मागे तुंबलेल्या चार्टांचा एक गठ्ठा आमच्याकडे उलटा आला, ताजे आधी, जुने शेवटी. एक बाई, वय बावन्न. पहिला चार्ट आयसीयूचा. पाठीची कातडी गेलेली, जंतू रक्तात पसरलेले, आणि तळाशी मृत्यू. मी आकडे टाकले आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर तोच नंबर पुन्हा समोर. आता ती वॉर्डात होती, बोलत होती, नर्सला सांगत होती की चादर टोचते. मग त्वचेची ओपीडी: पेम्फिगस असावा, कातडीचा तुकडा तपासायला द्यावा. तो दिल्याची नोंद कुठेच नाही. मग कान-नाक-घसा. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात आधी, दातांचा डॉक्टर: तोंडात जखमा, मलम दिलं, तिखट बंद. त्या कागदावर बाई आपल्या पायांनी आली होती आणि आपल्या पायांनी घरी गेली होती. मला बघवेना. मी नियम धाब्यावर बसवून त्या कागदावर एल दहा टाकला. आमच्या ऑडिटवाल्या मॅडमनी बोलावून घेतलं. शेवट तुला माहीत आहे म्हणून सुरुवातीचा आकडा बदलत नाही राजा, म्हणाल्या. मी खुर्ची लाथाडली. त्या म्हणाल्या, आधी खुर्ची उचल, मग आकडा काढ. मी दोन्ही केलं. पण त्या दिवसापासून रस्त्यात कुणी रुमालानं ओठ टिपताना दिसलं तरी मी थांबून त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. याला वेड म्हण. मीही तसंच म्हणत होतो, गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात औषधांच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे तुझी आई उभी होती. मला पाहून तिनं मान फिरवली, म्हणजे नेहमीसारखंच. पण राहवलं नाही तिला. काय अर्धवटराव, आता कुठलं काम अर्ध्यावर सोडायला घेतलंय? टोमणा जुनाच, पण शब्द जपून, जीभ गालाला लागू न देता उच्चारलेले. दुकानदारानं काही न विचारता तोंडाच्या मलमाच्या ट्यूबा पुढे सरकवल्या. न विचारता, मिरची. काकू, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवा, तो म्हणाला. दातवाल्याला दाखवलंय रे, लग्नाची दगदग आहे, उष्णता आहे, ती म्हणाली, आणि मनगटाला पिशवी अडकवून वळली. पिशवी जरा घसरली. पट्टा मनगटावरून सरकला, एवढंच झालं. पट्ट्याबरोबर कातडीही सरकली, भिजलेल्या कागदासारखी. खाली लाल, ओलं. रुमाल काढून तिनं मनगट गुंडाळलं, इतक्या सराईतपणे की पहिलीच वेळ नव्हती हे मला कळलं. आणि मग दिसलं की एवढ्या उकाड्यात तिनं लांब बाह्या घातल्या आहेत.

मी तिथेच म्हणालो, काकू, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला. तिनं मला बाहेर ओढलं. लग्न होऊ दे, म्हणाली, मुलाकडच्यांना कळलं तर म्हणतील घरात एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग आहे. आणि तिला सांगितलंस तर तिची शपथ आहे तुला. माझ्या तोंडून तुझं नाव निघू नये म्हणून जिनं दार लावून घेतलं, तिनंच तुझी शपथ घातली, कारण मी दुसऱ्या कशानं बांधला जात नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती मी आज मोडतोय. मी डॉक्टर नाही, तिला काय झालंय ते सांगायचा मला अधिकार नाही, म्हणून नियमाप्रमाणे नुसती लक्षणं कळवली. माझ्यावर विश्वासही ठेवू नकोस. आज जेवताना फक्त तिच्या ताटाकडे बघ. घासागणिक मिरची कडाकडा चावणाऱ्या तुझ्या आईनं शेवटची मिरची कधी खाल्ली, आठव. तिचा पेला आणि टॉवेल तिनं वेगळा ठेवलाय का, तेही बघ, आणि सांग तिला की हा आजार असला तरी तो कुणाला लागत नाही. मग तिला त्वचेच्या डॉक्टरकडे ने. एक तुकडा जखमेच्या कडेचा, एक शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, दोन्ही तपासायला घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस. वेळेत कळलं तर औषधं आहेत, वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, पण माणूस राहतो. लग्न पुढे ढकल असं मी म्हणत नाही. हवं तर अलीकडे घे, उद्या कर, मी त्या रस्त्यालाही फिरकणार नाही. फक्त डॉक्टरकडे जायला तोवर थांबू नकोस. नाहीतर लग्नाच्या दिवशी ती लांब बाह्या घालून दारात उभी राहील, हसेल, आणि येणारा प्रत्येक पाहुणा मायेनं तिचा हात हातात घेऊन दाबेल.

तुझाच, पण ते आता जाऊ दे,
अर्धवट