वजनाच्या मर्यादेपलीकडच्या मुली

११ ऑगस्ट, सोमवार

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. क्रीडाशिक्षकाचं पद भरणार नाहीत, पट कमी आहे. सु. त्या जागेवर होती तोवर होतं. आता खेळांचं मी बघायचं. म्हणाले, "तुमच्या घरातलंच काम आहे सर."

बायकोचं काम म्हणजे घरातलं खरं. इतकी वर्षं समोर बसून ती कबड्डीबद्दल बोलायची आणि मी आमटी वाढून घ्यायचो. हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

शाळा सुटल्यावर मुली मैदानात जमल्या. ओळीत उभ्या राहिल्या. मी सवयीने "बसा" म्हणालो. खूप हसल्या. ती गेल्यापासून शाळेत माझ्यासमोर कोणी हसलं नव्हतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

मैदानात चिखल. हॉलमध्ये सतरंज्या घालून सराव. शिकवतात त्याच, मी बघतो. सतरा वर्षांखालच्या मोजून सात. वर्गात अजून आहेत, पण कोणाचं वय बसत नाही, कोणाला घरून पाठवत नाहीत.

दीक्षा भाटकर, दहावी अ. बचावात कोपऱ्यात उभी राहते. समोरचीचा घोटा धरला की सुटत नाही. अंगाने भरलेली, खांदे रुंद. आई मासे विकते, जेटीवरून बर्फाच्या टोपल्या हीच उचलून आणते. गणितात जेमतेम. वर्गात कधी आवाज नाही आणि इथे सगळ्यांना ओरडते. "अगो, पाय मागं घे!" असं मलाही म्हणाली. मग जीभ चावली.

१८ ऑगस्ट, सोमवार

आरोग्य केंद्रातून काटा आणला. या गटाला वजनाची मर्यादा असते हे मला आज कळलं. सहा जणी आत. दीक्षा बाहेर, दीड किलोने.

सात नसतील तर संघाचं नाव घेत नाहीत.

मी म्हणालो, थोडे दिवस कमी खा. साधं गणित वाटलं.

घरी आल्यावर वाटलं, सु. असं म्हणाली असती का. माहीत नाही. विचारायचं राहिलेल्या गोष्टी किती निघतायत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रत्नागिरीत तालुक्याच्या शिक्षकांची सभा. मी मागच्या बाकावर. स्पर्धेची तारीख ठरवायला तास गेला. गणपतीत कोणी येणार नाही, आधी पाऊस, नंतर घटक चाचणी. शेवटी गौरी-गणपती झाले की लगेच, असं ठरलं. सगळे खूश.

सावंत सर अध्यक्ष. शहरातल्या मोठ्या शाळेचे. त्यांच्याकडे मॅट आहे, दोन प्रशिक्षक आहेत. सु.चं आणि त्यांचं दरवर्षी वाजायचं. "मॅडम असत्या तर आत्तापर्यंत टेबल वाजलं असतं," म्हणाले. कोणी हसलं नाही. त्यांनाच वाईट वाटलं असावं, चहा स्वतः आणून दिला.

त्यांच्याकडूनच कळलं ती काय भांडायची ते. मर्यादा म्हणजे गट नव्हे. मर्यादेच्या खाली एक गट असेल तर वर दुसरा हवाच, नाहीतर वरच्या मुलींनी जायचं कुठे? दरवर्षी हेच मांडायची. दरवर्षी पुढच्या वर्षी बघू.

आठवलं. सभेहून आली की चप्पल काढता काढता म्हणायची, "आज परत मी एकटीच." मी म्हणायचो, हात धुऊन घे, जेवू.

२३ ऑगस्ट, शनिवार

गट कसे करावेत यावर विचार केला. सभेतला विषय आहे, वेळही जातो.

वय सगळ्यात सोयीचं, कारण ते दाखल्यावर असतं. पण एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुली शेजारी उभ्या केल्या तर एक दुसरीच्या खांद्यालाही लागत नाही. उंची धरली तर बारीक-जाड राहिलंच. वजन धरलं तर उपास. मला सगळ्यात पटलं ते पटसंख्येवर गट करणं. आम्ही सात जणी कशाबशा उभ्या करतो आणि शहरवाले दीडशेतून बारा निवडतात. लहान शाळा लहानांशी, मोठ्या मोठ्यांशी.

सरावाला मुलींना सांगितलं. खूश होतील असं वाटलं होतं.

दीक्षा म्हणाली, "मग शहरवाल्यांशी आमची गाठ कधी पडणार?"

"पडणारच नाही. तोच फायदा."

"त्यांना पाडायलाच तर खेळतो ना सर."

सगळ्या हो हो करायला लागल्या. गेल्या वर्षी सात गुणांनी हरल्या होत्या. ते सात गुण प्रत्येकीला पाठ आहेत.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. आमचा गणपती लांज्याला दादाकडे असतो. जा म्हणून लेकीचा, मीनलचा, पुण्याहून सकाळीच फोन. नाही गेलो. तिथे वहिनी सु.च्या हातच्या मोदकांचं बोलणार, मग सगळे माझ्याकडे बघणार.

दिवसभर आजूबाजूच्या आरत्या ऐकू येत होत्या. वरण-भात केला. दोन वाट्या तांदूळ घातले गेले, सवयीने. उरला तो रात्री फोडणीचा.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी गेल्या. शेजारून तीनदा ताट आलं. काल सागोती-वडेसुद्धा, घरात कोणी वारलं की वर्षभर सण करत नाहीत, तरी शेजाऱ्यांनी न देऊन कसं चालेल म्हणे. खाल्लं. चांगलं होतं. त्याचंच दुःख जास्त झालं.

आज जेवताना लक्षात आलं की स्पर्धेची तारीख आम्ही काय धरली आहे. मोदक, पातोळ्या, वडे झाल्यावर लगेच वजनं. कोकणातल्या तीस शिक्षकांना सभेत हे एकालाही सुचलं नाही. सु. असती तर हसून हसून…

५ सप्टेंबर, शुक्रवार

दीक्षाची आई शाळेत आली. मासळी संपवून थेट, हातात रिकामी टोपली. शिक्षक दिन होता, मुलींनी माझ्या टेबलावर गुलाब ठेवलेले. त्या मुलींसमोरच म्हणाली,

"ओ सर, माझ्या पोरीला तुम्ही काय सांगितलंत?"

मी उभा राहिलो.

"गौरीचा वडा तोंडाला लावला न्हाय तिनं. भावकी विचारते, पोरीला काय झालं. पान्यावर राहते. काल बर्फाची टोपली अर्ध्या वाटेत खाली ठेवली. वर्षभर आम्ही म्हणतो खा, आन् तुमची शाळा म्हणते खाऊ नको!"

मी म्हणालो, कमी खा म्हटलं होतं.

"कमी म्हंजे किती, ते सांगितलात?"

नव्हतं सांगितलं. गुलाब उचलून एक तिला दिला. का दिला माहीत नाही. तिने टोपलीत टाकला आणि गेली. दारातून वळून म्हणाली, "बाई असत्या तर घरी येऊन बसल्या असत्या."

संध्याकाळी दीक्षाला सांगितलं, उपास बंद. ती म्हणाली, "आता थोडंच राह्यलंय सर. दहावी आहे. यंदा नाही तर कधीच नाही. पुढच्या वर्षी मी जेटीवर." मान खाली घालून म्हणाली, पण स्पष्ट म्हणाली.

९ सप्टेंबर, मंगळवार

स्पर्धा.  थोडक्यात.

पहिल्या एस.टी.ने निघालो. बसमध्ये दीक्षा खिडकीशी, ओठ पांढरे. स्टँडवर उतरताना पायरीवर तिचा तोल गेला. बाकीच्यांनी धरली. कालपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं. पाण्याचंही वजन असतं, असं कोणीतरी सांगितलेलं.

स्टँडसमोरच्या खानावळीत नेली. मालकाला म्हणालो, पेज मिळेल का? त्याने घरच्यांसाठी ठेवलेली दिली, मीठ आणि लोणच्याची फोड. ती वाटीकडे बघत बसली.

"सर, हे प्यायले की मी बाद."

"माहीत आहे."

"सगळ्याच बाद."

"माहीत आहे. पी."

प्यायली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पीत होती. दुसरी वाटी मागितली. तेवढा वेळ बाकीच्या सहा जणी बाहेर उभ्या राहिल्या, कोणी आत आलं नाही.

काट्यावर उभी राहिली. बाद. संघ नाही. सावंत सरांच्या शाळेच्याही दोन मुली बाद झाल्या, पण त्यांच्याकडे बारा होत्या. "हे वजन मुलींचं नाही हो, उकडीच्या मोदकांचं आहे," असं ते पंचांना म्हणत होते. आमच्याकडे बघितल्यावर थांबले.

मुलींना म्हटलं घरी जाऊ. नाही म्हणाल्या. दिवसभर दुसऱ्यांचे सामने बघत बसल्या. शहरवाल्यांचा कोपरा कच्चा होता. मलासुद्धा दिसत होतं.

१० सप्टेंबर, बुधवार

नववीच्या तासाला तिघी-चौघी माझ्याकडे बघत नाहीत. बरोबर आहे. मु.अ. म्हणाले, "चालायचंच." दीक्षा आली नाही.

घरी आलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने बोललो घरात. "पेज दिली मी तिला," म्हणालो. मग बसून राहिलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सावंत सरांना फोन केला. स्वतःहून. कोणाला फोन करायचा माझा स्वभाव नाही. मर्यादेच्या वर दुसरा गट हवा, म्हणालो. लहान शाळा-मोठी शाळा हे मी सोडून दिलं आहे, मुलींनाच ते नको आहे. हे मात्र हवं.

"सर, तुम्ही गणितवाले, तुम्हाला भागाकार आवडणार. गट वाढले की पंच वाढतात, दिवस वाढतात. आणि त्या गटात येणार कोण? प्रत्येक शाळेत एखादी असते. एकटीला कोणाशी खेळवू?"

 हेच ते सु.ला दरवर्षी म्हणत असणार.

मग म्हणाले, "दोन संघ उभे करून दाखवा. वेगवेगळ्या शाळांच्या मिळून चालतील, जिल्ह्यातल्या कुठल्याही. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी दुपारी मैदान देतो. सामना बघितला की मंडळी ऐकतील. तोंडी काही होत नाही, हे मॅडमनाही सांगायचो."

म्हणजे चौदा मुली. माझ्याकडे एक. सावंत सर आपल्या दोन देतायत. तीन.

१३ सप्टेंबर, शनिवार

दीक्षाच्या घरी गेलो. बसलो. आईने चहा दिला, साखर जास्त. काल फोनवर झालेलं सगळं सांगितलं.

दीक्षा भिंतीला टेकून. "म्हणजे जाड्या मुलींचा सामना. लोक हसायला येतील."

"येतील काही."

"वरच्या गटात माझ्याशी खेळायला असेल कोण सर? आमच्या शाळेत मी एकटीच अशी."

मी म्हणालो, प्रत्येक शाळेत प्रत्येकीला असंच वाटत असेल. आजवर कोणी एकीची दुसरीशी गाठच घालून दिली नाही.

आई म्हणाली, "आन् खायला द्याल ना?"

"पोटभर."

"मग जाऊ दे तिला."

दीक्षा हो म्हणाली नाही. नाहीपण म्हणाली नाही. मी निघताना तिने विचारलं, "शहरवाल्या दोघींत ती उंच चढाईवाली आहे का?" आहे म्हणालो. तर म्हणाली, "तिचा घोटा मला पायजे."

१४ सप्टेंबर, रविवार

बाहेरगावचे क्रीडाशिक्षक मला कोण ओळखणार. सु.चा फोन चार्जिंगला लावला. मे महिन्यापासून बंद होता. नंबर चालू आहे, मीनल रिचार्ज करत होती, मला सांगितलं नव्हतं. नावं गावांनीच साठवलेली. कबड्डी हर्णे. कबड्डी अलोरे. कबड्डी राजापूर. अशी खाली खाली जातच राहतात.

हर्णे लावला. पहिल्याच रिंगला, "मॅडम! कुठे होतात इतके महिने? किती फोन केले!"

मी म्हणालो, मी त्यांचा नवरा बोलतोय. मग सांगितलं.

 मागे मासळीच्या लिलावाचा गलका ऐकू येत होता. मग तो माणूस रडायला लागला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. इतक्या लोकांनी माझं सांत्वन केलं, पण तिच्यासाठी रडणारं माणूस मला मीनलनंतर हेच भेटलं. शेवटी त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "मुली किती हव्यात सर?"

एक देतो म्हणाला. बघून दुसरीचं कळवतो.

अलोरे. बाई बोलल्या. त्यांना माहीत होतं, कोणीतरी सांगितलेलं, तरी हा नंबर बघून घाबरल्या. मग म्हणाल्या, "दोन लिहा. एक तर अशी आहे, काटाच तिला बघून मागे सरतो. मॅडम तिला नेहमी म्हणायच्या, तू थांब, तुझा गट येतोय."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

सहा झाल्या. त्यानंतर दोन शाळांनी नाही म्हटलं, एकीने विचारून सांगतो. प्रत्येक वेळी पलीकडून आधी "मॅडम" येतं आणि प्रत्येक वेळी मला पहिल्यापासून सांगावं लागतं. चौथ्या फोननंतर उठून पाणी प्यायलो. वाटलं उद्यापासून माझ्या फोनवरून करावे. पण मग उचलणार कोण?

राजापूरला दोनदा लावला, उचलला नाही. बाकीचे जेवून करू म्हणून हे लिहायला बसलो.

तिचा फोन वाजतोय. राजापूर.