मेढ्याची जागा आणि शेणाचा गॅस

२ सप्टेंबर १९७४
डेअरीचं पॉवरहाऊस कोळशावरून उतरणार! कोळशाचे डबे मिरजेला वेळेवर लागत नाहीत, म्हणून आता गोठ्यातल्या शेणाच्या गॅसवर बॉयलर, त्यावरच वीज. भट्टीवर सहा माणसं आहेत, दोन पुरतील म्हणे. चाळीत सुतक पडलंय. त्या सहांत हेही आहेत — आणि मी मनातल्या मनात पेढे वाटतेय!

मेढ्याच्या शाळेतल्या बाईंनी माझ्यासाठी मास्तरणीची जागा राखलीय, फक्त दिवाळीपर्यंत. यांना काढलं तर सगळेच तिकडे जाऊ. नाहीतर नाही. आत्याबाईंनी परवा ऐकवलंच, "हातची नोकरी सोडून ल्योक बायकूच्या पगारावर बसणार? माझ्या जित्तेपणी न्हाई! आन तू एकटी जायाचं तर नाव काढू नगंस." हे खाली मान घालून भाकरी खात राहिले. आईपुढे यांचं तोंड उघडत नाही. आत्याबाईंपेक्षा मला यांचाच राग येतो.

११ सप्टेंबर
भट्टीवरच्या केरबाला काढलं. त्याची बायको नळावर रडत होती. तिला धीर दिला. मनात म्हटलं, त्यापेक्षा आम्हाला काढा की!

२० सप्टेंबर
संपलं. हे आणि मौला, दोघं राहिले. साहेब म्हणाले, "लालासाहेब, तू धिम्या डोक्याचा, तूच हवास." आत्याबाईंनी गूळ वाटला. मी खोलीत तोंडात पदर कोंबून रडले. हे आत आले. "लय आशा धरली हुतीस, व्हय?"  

४ ऑक्टोबर
यांचं शिकणं चाललंय. कोळशाच्या वेळी आधी भट्टी भरायची, मग पेटवायची. गॅसचं उलटं — आधी पेटता बोळा आत धरायचा, मगच गॅसची चावी सोडायची. सांगलीचा इंजिनियर रोज घोकून घेतो.
या चाळीतच म्हातारी होणार मी.

१९ ऑक्टोबर
 भट्टीचा भडका उडाला! यांनी आधी चावी सोडली, मग बोळा नेला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मिरजेच्या दवाखान्यात आहेत, जिवाला धोका नाही. सगळे म्हणतात, वीस वर्षांची कोळशाची सवय, दुसरं काय. आत्याबाई कपाळ बडवतात, "आता काढत्यात बग त्याला." आणि मला मेढ्याची शाळा आठवली. अशा वेळी! शरम वाटली स्वतःची.

२३ ऑक्टोबर
साहेब दवाखान्यात आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "शिकवण्यात आम्हीच कमी पडलो. लालासाहेबला कधीच काढणार नाही. हात नाही चालले तरी बसून पगार देऊ." आत्याबाई त्यांच्या पाया पडल्या. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

२४ ऑक्टोबर
आत्याबाई चहाला बाहेर गेल्या. मी यांना भात भरवत होते. एकदम म्हणाले, "सवय न्हवती गं. मुद्दाम केलं. मौलाला आदीच भाईर धाडला. वाटलं, जरा भडकंल, साहेब हाकलून देईल... आई काय बोलणार न्हाई मग."
पुढचा घास मला देता येईना.