पूर्वेच्या खोलीची खिडकी

वित्तिन, तमाले
हरमाटन सुरू होऊन नववा दिवस

तीर्थस्वरूप बाबांना,

जावई नापारीचा दोन्ही गुडघे मोडून आणि नजर खाली ठेवून सलाम. रात्र कशी गेली? अंग कसं आहे? खोकला? करवत, रंधा? घरची माणसं? (घरी तुम्ही एकटेच आहात हे मला ठाऊक आहे, पण रीत आहे म्हणून विचारतो.) शेजारी, शेजाऱ्यांच्या बकऱ्या, अंगणातला कडुलिंब? प्रत्येक प्रश्नाला तुम्ही ‘नाआ’, म्हणजे सगळं ठीक, असंच म्हणाला असाल असं धरून पुढे जातो. समोर असतो तर ही विचारपूस अजून पाव तास चालली असती, पण कागदाला दम कमी असतो. तेव्हा राहिलेली सगळी चौकशी केली असं समजावं आणि जावयाला उद्धट म्हणू नये.

आम्ही दोघं बरे आहोत. घरही बरं आहे, म्हणजे आता बरं आहे. ते कसं झालं ते तुम्हाला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये भाड्याच्या खोलीत आमचे काय हाल झाले ते तुमच्या वुम्पिनीने तुम्हाला सांगितलंच असेल. पत्रा वरून तापायचा, भिंती बाजूंनी तापायच्या, आणि भरलेले पैसे संपत आले की विजेचा मीटर टुंगटुंग करायचा. पंखा बंद पडला की आम्ही अंगणात चटईवर बसून एकमेकांकडे असं पाहायचो, की जणू उन्हाळा समोरच्यानेच आणलाय. तेव्हाच मी ठरवलं, स्वतःचं घर बांधीन तर असं, की गारव्यासाठी यंत्र लावावं लागणार नाही. आमच्या हेडमास्तरांनी घरात तीन यंत्रं लावली आहेत. (आत असतात तेव्हा ते गार असतात, मीटर बघायला बाहेर येतात तेव्हा घामाघूम.) वारा फुकट आहे, बाबा. त्याला आत यायला एक वाट द्यायची आणि बाहेर जायला दुसरी, की झालं. वीस वर्षं भूगोल शिकवताना मी हेच सांगत आलोय. “वर्गात शिकवता ते वर्गातच ठेवा,” असं वुम्पिनी म्हणाली होती. ते ऐकलं असतं तर हे पत्र इतकं लांबलं नसतं.

भिंती खिडकीच्या उंचीला आल्या तेव्हा मी गवंड्याला थांबवलं, जागेच्या चार कोपऱ्यांत चार बांबू रोवले आणि त्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या बांधल्या. वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो हे पुस्तकात असतं, पण पुस्तकाला शेजाऱ्याची भिंत माहीत नसते. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी वही घेऊन पट्ट्यांखाली उभा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या हाजिया सनातू कुंपणाशी आल्या. “मास्तर, हे कुणासाठी?” मी म्हटलं, “वाऱ्यासाठी, हाजिया.” संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की मास्तरांच्या अंगात वारं येतं. मुलांनी वर्गात विचारलं, हेडमास्तरांनी कचेरीत बोलावून विचारलं, आणि आठवड्याने हाजिया पुन्हा आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “एक पट्टी आमच्याही छपरावर बांधा. बाधा नसेल तर प्रश्न नाही. असली तर आपली तयारी असावी.” मी बांधली.

मग खिडक्यांचा प्रश्न आला. तुम्ही जन्मभर चौकटी केल्यात, त्यामुळे तुम्हाला हसू येईल, पण खिडकी म्हणजे भिंतीला भोक एवढंच मला वाटत होतं. ते भोक उघडायचं कसं यात एवढी शास्त्रं असतील याची कल्पना नव्हती. अॅल्युमिनियमवाला काटारी मिस्त्री म्हणाला, “मास्तर, आजकाल सगळे सरकतीच लावतात. एका बोटाने ढकला.” बैठकीला सरकत्या लावल्या. सरकत्या खिडकीचं गणित असं, की एक तावदान दुसऱ्यामागे जाऊन लपतं (तपासनीस आले की आमची मुलं लपतात तसं). म्हणजे भोक पाडायचं पूर्ण आणि वारा घ्यायचा अर्धा. हे लक्षात येईतो हरमाटनचा कोरडा, गार वारा आला. खालच्या रुळात इतकी तांबडी धूळ साठली की खिडकी अर्ध्यावर अडली ती अडलीच. उघडीही नाही, मिटलेलीही नाही. पहाटे दात वाजायचे आणि मी तोंडाला फडकं बांधून सुरीने रूळ खरवडायचो. “ही खिडकी आहे की वाफा?” वुम्पिनी म्हणाली. “भुईमूग तरी पेरा.” धूळ खोल होती, भुईमूग आला असता.

म्हणून निजायच्या खोलीला दारासारख्या उघडणाऱ्या लावल्या, बाजूला बिजागऱ्यांच्या. बाबा, या खिडकीचा मला आजही अभिमान आहे. ती पूर्ण उघडते. उघडलेलं तावदान वाटेने चाललेला वारा हात धरून आत आणतं. मिटली की रबरावर अशी घट्ट बसते की धुळीचा कण आत येत नाही. भूगोलाने याहून जास्त काही मागू नये. मी मुद्दाम हेडमास्तरांना बघायला बोलावलं, वाऱ्याची दिशा समजावली, “आता बघा, सर,” म्हणून कडी काढली आणि दोन्ही हातांनी तावदान बाहेर लोटलं. बाहेरून त्याच क्षणी हाजिया सनातू डोक्यावर घमेल्यात गिनीकोंबडीची अंडी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. गिनीकोंबडीच्या अंड्याचं कवच जाड असतं हे खरं आहे, पण जाडपणालाही मर्यादा असते. मी खिडकीतून डोकं काढलं. हाजिया जागच्या हलल्या नव्हत्या. कपाळावरचा बलक बोटाने निपटून त्या शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, तुमचा वारा आला वाटतं.”

माफी मागायला मी रीतीप्रमाणे कोलाच्या बिया घेऊन तीनदा गेलो. पहिल्या दोन्ही वेळी त्यांनी बिया ठेवून घेतल्या आणि मला परत पाठवलं. तिसऱ्या वेळी बसायला स्टूल मिळालं. तेव्हापासून ती खिडकी उघडण्याआधी मी आतून “खिडकी!” असं ओरडतो. आळीतली पोरं आता मला रस्त्यात सलाम करत नाहीत, “खिडकी!” म्हणतात.

स्वयंपाकघरासाठी मी शहाणा झालो. तिथे वर बिजागऱ्या आणि खालून बाहेर ढकलायची अशी खिडकी लावली. ती उघडी असली की टोपीच्या कडेसारखी पुढे येते, त्यामुळे धो धो पावसातही उघडी ठेवता येते. पाणी बाहेर, वारा आत. पण हाजियांच्या गिनीकोंबड्यांना तो तिरपा काचेचा माळा फार आवडला. एक वर चढायची, घसरून खाली पडायची, ओरडायची आणि पुन्हा चढायची. बाकीच्या आपली पाळी येण्याची वाट पाहत खाली उभ्या. शिवाय आत येणारा वारा चिमूटभर. “ही खिडकी आहे की टपालपेटी?” हेही वुम्पिनीच म्हणाली. (तुमच्या मुलीला खिडकीसाठी इतक्या उपमा कुठून सुचतात ते मला कळत नाही. आमच्या भाषेच्या मास्तरांना सुचत नाहीत.) मग समोरच्या भिंतीत काचेच्या पट्ट्यांची बसवली, जुन्या सरकारी कचेऱ्यांत असते तशी. तिच्यात फटी आहेत, पूर्ण बंद होत नाही, धूळ येते, शास्त्राने पाहिलं तर ती नापास. पण चुलीची वाफ टपालपेटीतून आलेल्या वाऱ्याबरोबर तिच्यातून सरळ बाहेर जाते. आणि हाजियांच्या घरातलं सगळं बोलणं तिच्यातून सरळ आत येतं. वुम्पिनीला अख्ख्या घरात हीच खिडकी सगळ्यात आवडते.

असो. सांगायचं हे, की यंदाच्या मार्चमध्ये आम्ही घरात झोपलो. मीटर क्वचित टुंगटुंगला. हेडमास्तर दर रविवारी दुपारी शाळेचं काही काम काढून आमच्याकडे येतात आणि बैठकीत चटईवर घोरतात. त्यांना उठवायला संध्याकाळी मला निजायच्या खोलीतली कडी काढून “खिडकी!” ओरडावं लागतं.

राहिली पूर्वेची खोली. तिथे हात टेकले. वादळ येतं ते पूर्वेकडून, धूळ येते ती त्याच अंगाने, आणि सकाळी सहापासून ऊन तोंडावर. काच लावली तर खोलीची चूल होते. तिथे लाकडी झडपाच हव्यात, आतल्या पट्ट्या दांडीने वरखाली होणाऱ्या. उन्हाला अडवतील पण वाऱ्याला नाही. येंडीच्या जुन्या दवाखान्याला तुम्ही केल्या होत्या तशा. तसा हात तमालेत नाही, मी चौकशी केली. सध्या त्या भोकाला सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या शिवून लावल्या आहेत. त्या सारख्या फडफडतात, धूळ गाळून आत सोडतात, वुम्पिनीला झोप नाही, मला शिंका. तेव्हा हत्यारं घेऊन लवकर यावं. कृपा करून हे आमंत्रण समजू नये. आमंत्रण दोनदा दिलं होतं आणि “मुलीच्या दारात बसून तुओचे गोळे गिळायला मी अजून लुळा झालेलो नाही” हे तुमचं उत्तर माझ्या लक्षात आहे. हे काम आहे. तुमच्याशिवाय अडलंय.

हाजियांचा तुम्हाला सलाम. चूक असेल ती माझी, बरं असेल ते तुमच्या मुलीचं.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
नापारी

ता. क. : इथे लाकूड ओलं मिळतं. ते सुकायला दोन महिने तरी लागतील असं ऐकतो. त्या हिशेबाने कपडे आणावेत. घोंगडीही आणावी. तुमच्या अंगणातल्या कोंबड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या तरी चालेल.

ता. क. दुसरा : ज्या खोलीची खिडकी करायची त्या खोलीत काही दिवस राहून वारा ओळखावा लागतो, म्हणून तुमची खाट तिथेच टाकली आहे. मशीद चालत चार मिनिटांवर आहे (माझ्या चालीने, तुमच्या चालीने सहा). खोकल्याचे डॉक्टर त्याच रस्त्यावर बसतात, पण त्याचा खिडकीशी काही संबंध नाही.

ता. क. तिसरा, हा माझ्या हातचा : बाबा, सलाम. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. पूर्वेच्या खोलीची खिडकी गेल्या शुक्रवारीच बसली. लाकडी झडपाच आहेत, पट्ट्या दांडीने हलतात, इथल्याच सुताराने केल्यात आणि बऱ्या केल्यात. सिमेंटच्या पिशव्या कुठेही नाहीत. मला झोपही चांगली लागते. एवढं एक खोटं लिहायला ह्यांना तीन दिवस लागले. तुमच्याशी खोटं बोलायचं म्हणून दोनदा उठून हातपाय धुऊन आले.

पण तुम्ही या. आई गेल्यापासून तिथे तुम्ही एकटे काय शिजवता आणि काय खाता, ते मला माहीत आहे. आणि मी हे तुम्हाला सांगितलं ते आल्यावर ह्यांना कळू देऊ नका. सुताराशी मी बोलले आहे. हे शाळेत गेले की बुधवारी तो येऊन ती खिडकी काढून नेतोय. पिशव्या मी शिवायला घेतल्या आहेत.

तुमची,
वुम्पिनी