परतीच्या दौडीतले फटके

३ जून, नाश्त्यानंतर
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. दोन वर्षांनी गावी आलो आणि आठवड्यात काम घर विचारत आलं. सेझिमच्या नव्या गाण्याचं शूटिंग आमच्याच कुरणावर आहे. पोरगी सतरा वर्षांची, पण बिश्केकपासून ओशपर्यंत प्रत्येक टॅक्सीच्या रेडिओवर तीच रडत असते. हे गाणंही ब्रेकअपचं. डायरेक्टर मेदेरला घोड्यावर बसणारा तरणा गडी हवा होता. म्हटलं, समोर उभा आहे.

व्हिडिओत गडी तिला सोडून जातो, म्हणून ती त्याला किझ-कूमायमध्ये, म्हणजे आमच्या घोड्यावरच्या पाठलागाच्या खेळात, बदडते. मेदेर शहरी, तरी नियम मलाच समजावत होता. जाताना गडी मागे, मुलगी गाठली तर मुका. नाही गाठली तर येताना मुलगी मागे, हातात चाबूक. म्हटलं, साहेब, या खेळात मी आजवर एक फटका खाल्लेला नाही. कधी खेळलोच नाही, हे त्यानं विचारलं नाही.

३ जून, दुपार
सेझिम घोड्याला घाबरते. घोडा शिंकला तर रडली, आणि गाण्यात रडते त्यापेक्षा बरं रडली. ती पिकअपच्या मागे बांधलेल्या खोगिरावर बसून गाणार. दौडीला तिच्या जागी दुसरी मुलगी.

दुसरी मुलगी म्हणजे कानिशाय.

३ जून, थोड्या वेळानं
मध्येच वही मिटून जाकीट आणायला गेलो होतो. जूनमध्येही वारा गार असतो.

कानिशायचं असं झालं. आमचं ठरलं होतं. आईनं तिच्या कानांत डूल घातले, शब्द पक्का झाला. मी लग्नाची मेंढरं बघायला बाजारात निघालो. वाटेत ट्रकवाला भेटला, पार परदेशात, कझानला चाललेला, फार बोलका माणूस. कझानहून समारा. समारात सर्कशीचा तंबू ठोकायचं काम निघालं. फोन करणारच होतो, पण एकदा उशीर झाला की फोन जड होतो.

असो. स्क्रिप्टप्रमाणे मी तिला गाठत नाही. पण मी गाठणार. भर दौडीत लगाम धरून विचारणार, परत माझी होशील का. कॅमेऱ्यासमोर नाही म्हणणं जड जातं.

४ जून
तिचा भाऊ सिरगाक वाटेत आडवा आला. म्हणाला, या पाहुणे, मेंढरं मिळाली का, की अजून भाव करताय? मी समजुतीनं घ्यायचं ठरवलं. त्यानं कपाळानं माझं नाक फोडलं. मीही सोडला नाही. त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझं इतकं रक्त उडालंय की धुऊन जायचं नाही. एक दाढ हलतेय.

मेदेर म्हणाला, नाक सुजलं तरी चालेल, चेहरा दिसणारच नाही. चेहऱ्याचं त्याच्याशी नंतर बोलू.

सिरगाकला शनिवारी तुडवायचा. शनिवारी जमलं नाही तर सोमवारी.

५ जून, दुपार
जातानाची दौड झाली. तिचा घोडा बरा होता. ऊन माझ्या डोळ्यांत. अगदी गाठणारच होतो, पण तोवर ती पोचून घोड्याला पाणी पाजत होती. टेकडीवरचे म्हातारे विचारत होते, बाबा, घोड्यावर बसलायस की घोडा पाठीवर घेतलायस?

मग येतानाची. चाबूक खोटा, स्पंजचा. सहा फटके बसले, मला गुदगुल्या. मेदेर नाराज. सेझिमची आई गाडीची काच खाली करून म्हणाली, एवढ्यानं तर सतरंजीची धूळसुद्धा निघायची नाही.

म्हटलं, हीच वेळ. सगळ्यांदेखत सांगितलं, खरा चाबूक द्या तिला. तिचा हात उचलणारच नाही.

कानिशायनं मेदेरला विचारलं, नक्की ना? मेदेरनं मला विचारलं. मी उत्तरादाखल जाकीट काढून फेकलं.

५ जून, संध्याकाळ
हात उचलला.

पहिल्या फटक्याला शर्ट फाटला. दुसऱ्याला शर्टाखालचा मी. तिसऱ्याला असा ओरडलो की मेदेरनं टाळ्या वाजवल्या. पण ड्रोन भरकटला होता, म्हणून परत. मग फ्रेममध्ये पिकअप आली, परत. मग ढग. पाचव्या टेकला घोड्यावरून पडलो, तर तिनं खोगिरातून वाकून मारलं. सिरगाक मोठ्यानं मोजत होता, शाळेत कधी वीसच्या पुढे गेला नव्हता. आज एकवीसपर्यंत गेला. रक्त घोड्याच्या पाठीवर ओघळलं. ते बघून सेझिमला रडू फुटलं. मेदेर ओरडला, कॅमेरा तिच्यावर.

मी मात्र खूश आहे. इतकं जीव तोडून कुणी परक्याला मारत नाही. दोन वर्षं राग जपला, म्हणजे काय ते समजून घ्यावं.

६ जून
ताप. शर्ट पाठीला चिकटला होता, आईनं कोमट पाण्यानं सोडवला. सिरगाकचं पुढल्या महिन्यात बघू.

१२ जून
पालथा पडून व्हिडिओ पाहिला. चेहरा नाही. पाठ आहे, तीन सेकंद. बाकी सगळी सेझिम. पण खाली शाळकरी पोरींनी हजारोंनी लिहिलंय की एवढी मारते म्हणजे अजून प्रेम आहे. एवढ्या जणी चुकणार नाहीत. उद्या जातो.

१३ जून, सकाळ
गेलो. ती घोडीचं दूध काढत होती. पोरींनी लिहिलेलं वाचून दाखवलं. म्हटलं, मीही तेच म्हणतो. तुझा राग मला कळला. राग आहे तिथं बाकीचंही असतं. सिरगाक आत होता, बाहेर आला नाही.

तिनं वर पाहिलं नाही.

"राग पहिल्या तीन फटक्यांतच संपला," ती म्हणाली. "पुढचे कामाचे होते. मेदेर ‘परत’ म्हणाला की मी परत मारायचे."

मग म्हणाली, जरा सरक, घोडी बुजतेय. मी सरकलो.

१३ जून, दुपार
आई पाठीला मेंढीची चरबी लावत होती. म्हणाली, कुठला जास्त दुखतोय ते सांग, तिथं जास्त लावते.

एकवीस वळ. त्यातले माझे तीन कुठले, सांगता येईना.